मियाटासाठी हलकी बॅटरी: एजीएम घ्यावी की लिथियम?

पाऊलवाट | ११ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. मुक्काम मिशिगन, डेट्रॉइटच्या पश्चिमेला. गाडी १९९४ ची माझदा मियाटा, पहिल्या पिढीची, १.८ लिटरची. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या आजोबांकडून घेतली. ऑफिसला जायला दुसरी गाडी आहे. ही एप्रिल ते ऑक्टोबर, तीही शनिवार-रविवारी फिरवते, आणि मोसमात चार-पाच वेळा ऑटोक्रॉसला नेते (मोठ्या मोकळ्या पार्किंगवर प्लॅस्टिकचे शंकू मांडून, वेळ मोजत एकेकट्याने चालवायचं). नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गॅरेजमध्ये झाकून ठेवते ती थेट वसंतापर्यंत.

यंदा तिसऱ्यांदा बॅटरी बसली. आठ-दहा दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो. बॅटरी दोन वर्षांची आहे. ज्या दुकानातून घेतली त्यांनी मापात बसते म्हणून साधी पाण्याची बॅटरी दिली. या गाडीत बॅटरी डिकीत असते, उजव्या कोपऱ्यात, आणि तिची वाफ बाहेर काढायला दोन बारीक नळ्या दिलेल्या असतात. त्या नळ्या त्यांनी तशाच लोंबत्या ठेवल्या. तेव्हा मलाही कळलं नाही. यंदा गालिचा उचलला तर खालचा रंग फुगलेला आणि पत्र्यावर गंज. खरवडून, सोड्याच्या पाण्याने धुऊन, प्रायमर मारून घेतलाय. तेवढ्या कोपऱ्यासाठी तीन रविवार गेले.

आता नवी घ्यायची तर हलकीच घ्यावी असं मनात आहे. समोर तीन पर्याय आहेत. मूळ मापाची, नळ्या लागणारी एजीएम (शिशाचीच, पण आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली), साधारण ११ किलो. ओडिसी कंपनीची पीसी६८०, तीही एजीएमच, ७ किलो. नाहीतर लिथियम, ३ किलोच्या आसपास. लिथियमची किंमत बरीच जास्त आहे, पण त्यासाठी पैसे बाजूला काढलेत. ज्यांनी अशी बॅटरी प्रत्यक्ष वापरली आहे त्यांचं ऐकायचंय.

नागमोडी | ११ ऑक्टोबर

मी श्टुटगार्टजवळ राहतो, त्यामुळे पोर्शचं उदाहरण देतो. कारखान्यातूनच लिथियम स्टार्टर बॅटरी द्यायची कल्पना त्यांनी २००९ च्या नोव्हेंबरात जाहीर केली. २०१० च्या सुरुवातीपासून ती ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडर या गाड्यांवर जादा पैसे मोजून मिळायची. वजन ६ किलोपेक्षा कमी, म्हणजे ६० अँपिअर-तासाच्या शिशाच्या बॅटरीपेक्षा १० किलोंहून जास्त हलकी. क्षमता मात्र १८ अँपिअर-तास. जर्मनीत किंमत होती १,९०४ युरो.

त्यातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट अशी की, जो ही बॅटरी घेई त्याला सोबत नेहमीची शिशाचीही देत असत. थंडीत लिथियमची इंजिन उचलायची ताकद कमी पडते, तेव्हा हिवाळ्यात ही काढा आणि ती बसवा, असं कंपनी स्वतः सांगत होती. जी गाडी ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब करून बनवलीय, तिच्या मालकालाही दुसरी बॅटरी हाताशी ठेवायला सांगितली. तुमच्या मिशिगनची थंडी आमच्यापेक्षा कडक. त्याचा विचार आधी करा.

सर्किटवेडी | १२ ऑक्टोबर

माझीही मियाटा, २००१ ची, दुसरी पिढी, तीतही बॅटरी डिकीतच. मी सॅन होजेला. थंडरहिल आणि लागूना सेका या रेसट्रॅकवर ट्रॅक-डेला नेते. तीन वर्षं लिथियम वापरतेय आणि एकदाही दगा दिलेला नाही. हातात उचलली तर रिकामा डबा उचलल्यासारखं वाटतं. सेल्फ इतका जोरात फिरतो की पहिल्यांदा मी दचकले होते. दोन महिने उभी ठेवली तरी व्होल्टेज फारसं उतरत नाही.

पाऊलवाट, तुझे पैसे तयार आहेत तर उगीच मधल्या पायरीवर थांबू नकोस. ७ किलोची घेशील आणि वर्षभरात ३ किलोची हवीशी वाटेल.

अ‍ॅम्पियर | १२ ऑक्टोबर

पुण्यात बॅटरी-चाचणीच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकड्यांबद्दल, कारण या आकड्यांनीच लोक फसतात. पीसी६८० मधला ६८० हा आकडा फक्त पाच सेकंदांच्या झटक्याचा, तोही उबदार तापमानातला. थंडीतल्या क्रँकिंगचा (इंजिन फिरवण्याचा) जो प्रमाणित आकडा असतो तो उणे १८ अंशाला मोजतात. तीस सेकंद तेवढा करंट देऊन व्होल्टेज ७.२ च्या खाली जाता कामा नये. त्या कसोटीवर ही बॅटरी १७० अँपिअरची आहे. चांगली आहे, १.८ लिटरच्या इंजिनाला उन्हाळ्यात पुरते. पण ६८० बघून कुणी घेऊ नये.

लिथियमच्या लेबलावर घोळ आणखी मोठा. बऱ्याच कंपन्या 'शिशाच्या तुलनेत इतके अँपिअर-तास' असा आकडा छापतात. खरी साठवण त्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकते. वॉट-तास कुठे लिहिलेत ते शोधा आणि १२.८ ने भागा. येईल ती खरी क्षमता.

आता मुद्दा असा, की इंजिन सुरू करायला साठवण लागतच नाही म्हटलं तरी चालेल. समजा सेल्फ १५० अँपिअर घेतो आणि दोन सेकंद फिरतो. म्हणजे ३०० अँपिअर-सेकंद. ३६०० ने भागलं तर ०.०८ अँपिअर-तास. एवढंच! तिथे लागतो तो झटक्यात करंट द्यायचा दम, आणि तो लिथियममध्ये भरपूर असतो. सर्किटवेडीताईंना सेल्फ जोरात फिरल्यासारखा वाटतो तो म्हणूनच. साठवण लागते ती गाडी उभी असताना. घड्याळ, रेडिओची मेमरी, ईसीयू (इंजिनाचा संगणक) हे सगळं थेंबाथेंबाने पीत असतं. हलकी बॅटरी म्हणजे लहान टाकी. इंजिन उचलेल का, याच्याइतकाच किती दिवस उभी राहील हाही प्रश्न स्वतःला विचारावा.

थंडीचं म्हणाल तर गाडीला वापरतात ते लिथियम-आयर्न-फॉस्फेट. मोबाईलमधल्या बॅटरीपेक्षा हे रसायन पुष्कळ शांत आहे, आगीची भीती त्या मानाने कमी. पण शून्य अंशाच्या खाली ते चार्ज करू नये. त्या तापमानात लिथियम आत शिरण्याऐवजी कार्बनच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. चालवताना ही अट पाळायची कशी? गाडी सुरू झाली की दुसऱ्या सेकंदाला अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारं जनित्र) चार्जिंग सुरू करतो. बॅटरी गार आहे की गरम, हे जुन्या गाडीच्या अल्टरनेटरला माहीत नसतं.

आणखी एक. आतला संरक्षक सर्किट बोर्ड व्होल्टेज वाढलं तर बॅटरी तोडून वेगळी करतो. बॅटरीचं रक्षण होतं. पण चालत्या गाडीत अल्टरनेटरसमोरचा भार अचानक नाहीसा झाला तर व्होल्टेजची उसळी ईसीयूवर जाते. तीस वर्षांच्या गाडीत रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) किती व्होल्ट देतोय हे मोजल्याशिवाय लिथियम लावू नका. तापलेल्या इंजिनावर, दिवे लावून आणि न लावता, दोन्ही वेळा मोजा. १४.६ च्या वर जात असेल तर आधी तो बघा.

घाटरस्ता | १२ ऑक्टोबर

ताई, साताऱ्यात माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. मियाटा मी पाहिलेली नाही, पण बॅटरी सगळीकडे बॅटरीच. सगळे नवीन कोणती घ्यायची ते सांगतायत. मी विचारतो, जुनी का बसते?

दोन वर्षांची बॅटरी आठ-दहा दिवसांत बसते म्हणजे दोष बॅटरीचाच असं धरून चालू नका. करंट कुठेतरी गळत असेल. आमच्याकडे असं गिऱ्हाईक आलं की आधी निगेटिव्ह काढून मध्ये मीटर लावतो. निम्म्या वेळा कुणीतरी बसवलेला बाहेरचा म्युझिक सिस्टिम किंवा सेंट्रल लॉक निघतो. गळती तशीच ठेवून तुम्ही लहान बॅटरी घातलीत तर ती चार दिवसांत झोपेल, आणि मग दोष बॅटरीला लागेल.

मीटर दहा अँपिअरच्या खोबणीत लावा. दारं बंद करा, डिकीत दिवा असेल तर बल्ब काढून ठेवा, अर्धा तास थांबून मग आकडा वाचा. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

पाऊलवाट | १३ ऑक्टोबर

घाटरस्ता काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी मोजते.

पिट_लेन | १३ ऑक्टोबर

कॉलेजात असताना आमची टीम फॉर्म्युला भारतला (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसगाड्यांच्या स्पर्धेला) जायची, कोइंबतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर. तिथे अख्खी गाडीच अडीचशे किलोच्या आत, म्हणून बॅटरीतले तीन किलो वाचले की आम्ही खूश. हजार किलोच्या गाडीत तेच तीन किलो जाणवणार आहेत का? पाऊलवाट, ऑटोक्रॉसला निघताना टाकी किती भरलेली असते? पेट्रोल लिटरला पाऊण किलो धरा. दहा लिटर कमी भरलं तर साडेसात किलो गेले, म्हणजे जवळजवळ लिथियमएवढीच बचत, आणि तीही फुकट. डिकीतली स्टेपनी आणि जॅक उतरवला तर मूळ बॅटरीच्या वजनाइतकं सहज जाईल.

वजन कुठून काढताय तेही बघायला हवं. माझदाने या गाडीत बॅटरी मागे टाकली ती पुढचं-मागचं वजन निम्मं-निम्मं राहावं म्हणून. अमेरिकेत तुम्ही डावीकडे बसता, एकट्याने चालवताना डावी बाजू जड होते. उजव्या मागच्या कोपऱ्यातली बॅटरी त्याला थोडा तोल देते. नेमका तोच कोपरा आपण हलका करतोय. नाकातून आठ किलो काढणं वेगळं आणि इथून काढणं वेगळं.

सर्किटवेडी | १३ ऑक्टोबर

तोलाचं बरोबर आहे, पण आठ किलोंनी तोल बिघडला असं ड्रायव्हरला जाणवतं असं मला वाटत नाही. वजन कमी झालं की ब्रेकपासून टायरपर्यंत सगळ्यांचंच काम हलकं होतं. स्टेपनी मीही काढते, पेट्रोलही मोजूनच भरते. ते सगळं करून झाल्यावर उरते ती बॅटरी. पुढचं वजन काढायला मग फार खर्च येतो, सीट बदला, चाकं बदला. त्या हिशेबात लिथियम स्वस्त पडते.

अ‍ॅम्पियर | १३ ऑक्टोबर

ताई, तुमच्या हवेत तुमचा निर्णय योग्यच आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ शून्याच्या खाली पारा क्वचित जातो, आणि तुम्ही गाडी बाराही महिने फिरवता. माझा आक्षेप मिशिगनपुरता आहे.

शंकासुर | १४ ऑक्टोबर

धागा वाचून एक प्रश्न पडला. डिसेंबरात अमेरिकेहून भाऊ येतोय. त्याच्या बॅगेत अशी लिथियम बॅटरी मुंबईला मागवता येईल का? माझ्या जुन्या परदेशी कूपेला हवी आहे.

नागमोडी | १४ ऑक्टोबर

नाही, तसा विचारही करू नका. विमानात प्रवाशाला सुटी लिथियम बॅटरी केबिनच्या बॅगेतच नेता येते, ती १०० वॉट-तासांपर्यंत. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. त्यावरची प्रवाशाला नेताच येत नाही. २० अँपिअर-तासांची गाडीची बॅटरी म्हणजे २५६ वॉट-तास. चेक-इन सामानात सुटी लिथियम बॅटरी तर कोणत्याच मापाची चालत नाही. भाऊ विमानतळावर अडकेल. भारतात विकत मिळते तीच बघा, म्हणजे काही झालं तर दाद मागायला दुकानदार तरी समोर असेल.

पाऊलवाट | १८ ऑक्टोबर

मोजलं. अर्ध्या तासाने मीटरवर ५२ मिलिअँपिअर. अ‍ॅम्पियर यांच्या पद्धतीने हिशेब केला: दिवसाला १.२५ अँपिअर-तास, दहा दिवसांत साडेबारा. डिकीतल्या जुन्या बॅटरीचं एवढं गेल्यावर दुसरं काय होणार!

मग एकेक फ्यूज काढत बसले. एकाही फ्यूजने आकडा हलेना. शेवटी डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन आडवी झाले, तेव्हा स्टीअरिंगच्या वरच्या बाजूला एक काळी पेटी दिसली, टेपने गुंडाळलेली, थेट मुख्य वायरला जोडलेली. जुना चोरगजर. आजोबांना फोन केला. म्हणाले, त्यांच्या आधीच्या मालकाने बसवला होता, रिमोट कधीच हरवला, ते विसरूनही गेले होते. म्हणजे किती वर्षं तो मुकाट्याने बॅटरी पीत बसला होता कोण जाणे.

पेटी काढली, वायरी नीट बंद केल्या. आता आकडा ११ मिलिअँपिअर.

काका, तुमचे फार आभार. साताऱ्यात बसून तुम्ही माझ्या डिकीतलं दुखणं ओळखलंत.

घाटरस्ता | १९ ऑक्टोबर

छान झालं ताई. वायरीचं तोंड नुसत्या टेपने बंद करू नका, वर उष्णतेने आवळणारी नळी घाला. टेप उन्हाने सुटते.

अ‍ॅम्पियर | १९ ऑक्टोबर

आता चित्रच बदललं. ११ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.२६ अँपिअर-तास. पीसी६८० ची क्षमता १६ धरा आणि अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही असं ठरवा. ८ भागिले ०.२६, साधारण तीस दिवस. मोसमात तुम्ही दर आठवड्याला फिरवताच. जुन्या गळतीवर हीच बॅटरी सहा-सात दिवसांत अर्धी झाली असती.

हिवाळ्यात मात्र निगेटिव्ह काढूनच ठेवा. शिशाची बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर उणे दहाच्या आसपास गोठते आणि आतून फुटते, कारण करंट वापरला गेला की आम्ल पातळ होत जाऊन शेवटी जवळजवळ पाणीच उरतं. पूर्ण भरलेली उणे पन्नासलाही गोठत नाही. मिशिगनमधल्या न तापवलेल्या गॅरेजमध्ये हा फरक जीवनमरणाचा आहे. महिन्यातून एकदा एजीएमच्या चार्जरवर लावा. व्होल्टेज १२.८ च्या आसपास दिसलं की निश्चिंत.

आणि कुणी लिथियम घेतलीच तर तिला सल्फेट तोडणारा मोड असलेला जुना चार्जर लावू नका. त्याचे उच्च व्होल्टेजचे झटके तिला सोसत नाहीत.

पाऊलवाट | २२ ऑक्टोबर

ठरलं. पीसी६८० मागवली.

लिथियमचा मोह शेवटपर्यंत होता, हे सांगते. सर्किटवेडी, तुझं वाक्य डोक्यात फिरत होतं. पण माझ्या गॅरेजमध्ये जानेवारीत उणे बारा-पंधरा होतं, आणि एप्रिलच्या सकाळी मोसमातला पहिला फेरफटका मारायचा तर पारा शून्यावरच असतो. नेमका तो पहिला फेरफटका मला सगळ्यात प्रिय. त्या दिवशी गाडी सुरू करावी की नको, हा विचार करत तिच्याशेजारी उभं राहायचं नाही मला. ती बंद एजीएम असल्यामुळे पाणी सांडणं नाही, डिकीचा पत्रा वाचेल. चार किलो इथे वाचले, स्टेपनी आणि जॅक ऑटोक्रॉसच्या दिवशी घरी राहतील, आणि टाकी निम्मीच भरेन. मला हवं होतं ते वजन तसंही गेलं.

लिथियमसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून चार टायर येतायत.

सर्किटवेडी | २२ ऑक्टोबर

माझं मत अजून बदललेलं नाही, पण टायर ऐकून आनंद झाला. तिथे घातलेले पैसे पहिल्याच वळणावर कळतील.

नागमोडी | २३ ऑक्टोबर

बसवताना पकड पक्की करा. ही बॅटरी मूळच्यापेक्षा लहान आहे, जुन्या पट्टीत ती हलेल. पॉझिटिव्ह टर्मिनलवर रबरी टोपी हवीच. पत्र्याची डिकी आहे, बॅटरी एकदा सरकून टर्मिनल पत्र्याला टेकलं तर पुढचं सांगायला नको. आणि ऑटोक्रॉसला ज्या वर्गात उतरता त्याची नियमावली वाचून घ्या. कोणत्या वर्गात कसली बॅटरी चालते याचे नियम काटेकोर असतात.

पाऊलवाट | २ नोव्हेंबर

बसवली. ॲल्युमिनियमची चौकट करून घेतली, खाली रबराचा पातळ पत्रा, वरून दोन बोल्ट. दोन्ही हातांनी जोर लावून हलवली, जागची हलली नाही. गजराची काढलेली वायरही नळी घालून बंद केली, काका. अल्टरनेटर तापलेल्या इंजिनावर १४.३ देतोय, दिवे लावल्यावर १४.१. निगेटिव्ह काढून, आच्छादन घालून गाडी झोपवली.

पाऊलवाट | १२ एप्रिल

मंडळी, धागा वर काढतेय. हिवाळाभर महिन्यातून एकदा चार्जर लावला. आज सकाळी बाहेर २ अंश होतं. निगेटिव्ह जोडली, मीटरवर १२.८. क्लच दाबला, चावी फिरवली, दुसऱ्या फेऱ्याला इंजिनाने धरलं. छत उघडलं, कानटोपी घातली आणि हाइन्स ड्राइव्हवरून नदीकाठाने नॉर्थव्हिलपर्यंत जाऊन आले. झाडांना पालवी नाही अजून, पण पावसाने रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलंय. परत आल्यावर आधी गालिचा उचलून कोपरा पाहिला. रंग जसाच्या तसा.

कोल्हापुरी_गिअर | १३ एप्रिल

फार बरं वाटलं वाचून. माझ्या भाचीची पण याच पिढीची मियाटा आहे, न्यू जर्सीत. तिला हाच धागा पाठवलाय. ती विचारतेय की जुन्या वायरीचे क्लॅम्प या बॅटरीला कसे बसवले?

पाऊलवाट | १३ एप्रिल

या गाडीचे मूळ क्लॅम्प बारीक खुंट्यांचे असतात, आणि पीसी६८० वर खुंट्या नसतात, एम६ च्या (६ मिलिमीटर) बोल्टची भोकं असतात. पितळी खुंट्या वेगळ्या मिळतात, त्या स्क्रूने घट्ट करायच्या आणि त्यावर जुने क्लॅम्प. तिला सांगा, बारीक मापाच्या मागव, नेहमीच्या जाड खुंट्या आल्या तर क्लॅम्प बसत नाहीत. चौकटीची मापं आज रात्री फोटोसकट टाकते.